चार टाक्यांचे गणित

३१ जुलै २०१२ रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातला वीजपुरवठा एकदमच कोसळला. दिल्लीची मेट्रो थांबली, शेकडो रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालमधील कोळसा खाणींत कामगार अडकले. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश त्या दुपारी विजेविना होता. आदल्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेकडचा ग्रिड असाच बंद पडला होता. पश्चिम आणि दक्षिण विभाग तगले, म्हणून महाराष्ट्रात दिवे चालू राहिले.

एवढ्या मोठ्या अपघाताचे कारणही तेवढेच मोठे असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कोणतेही वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले नव्हते. काही पारेषण वाहिन्या आधीपासून बंद होत्या, काही राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि त्यामुळे बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर भार वाढत गेला. वाहिनीच्या रक्षणासाठी बसवलेल्या रिलेला वाढलेला प्रवाह आणि घटलेले व्होल्टेज ही बिघाडाची खूण वाटली. त्याने वाहिनी तोडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर पडला, मग त्याही एकेक करून सुटत गेल्या. म्हणजे रिलेने त्याला नेमून दिलेलेच काम केले. बहुतेक उपकरणे ठरल्याप्रमाणेच वागली आणि तरीही सगळे मिळून कोसळले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ट्रान्सफॉर्मर, रिले, जनित्र यांपैकी प्रत्येकाबद्दल चार वर्षांत भरपूर शिकवले जाते. हे सारे एकमेकांना जोडल्यावर काय होते, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा फळ्यावरच्या समीकरणापाशी थांबतो. ही उणीव भरून काढण्यासाठी जगभरातल्या काही अध्यापकांनी टेबलावर मावतील अशी छोटी यंत्रे बनवली. त्यांतून काही उत्पादन होत नाही. विद्यार्थ्यांना चकवणे, हेच त्यांचे काम.

क्लिष्ट आणि गुंतागुंतीचे

मनगटावरचे यांत्रिक घड्याळ क्लिष्ट असते. त्यात शंभरावर भाग असतील, पण एकेक भाग सुटा करून पाहिला तर सगळे घड्याळ समजते. गुंतागुंतीची प्रणाली वेगळी. तिच्यात भाग मोजकेच असले तरी ते एकमेकांवर परिणाम करतात, तो परिणाम फिरून मूळ भागापर्यंत येतो आणि यायला वेळ लागतो. फीडबॅक आणि विलंब या दोन गोष्टी एकत्र आल्या की साधी प्रणालीही विचित्र वागू लागते.

याचा अनुभव प्रत्येकाला स्नानगृहात येतो. गीझरचा नळ सोडला तरी पाणी गारच येत असते, म्हणून आणखी सोडला जातो. थोड्या वेळाने कढत पाणी अंगावर येते. घाईने नळ बंद केला की पुन्हा गार. नळात दोष नसतो, गीझरमध्येही नसतो. हात फिरवणे आणि पाणी बदलणे यांत जे काही क्षण जातात, त्यांनी हा गोंधळ घातलेला असतो. आता अशाच नळांची दोन स्नानगृहे एकमेकांना जोडली आहेत आणि एकाने नळ फिरवला की दुसऱ्याचे पाणी बदलते, अशी कल्पना केली, तर स्वीडनमधल्या एका प्रसिद्ध प्रयोगाजवळ आपण पोहोचतो.

लुंडमधल्या चार टाक्या

स्वीडनमधील लुंड येथील तंत्रविद्यापीठात कार्ल हेन्रिक योहान्सन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांसाठी चार टाक्यांचे यंत्र तयार केले. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज अनेक देशांतल्या नियंत्रणशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे यंत्र दिसते.

रचना अगदी साधी. दोन टाक्या वर, दोन खाली. प्रत्येक वरच्या टाकीला तळाशी भोक, त्यातून पाणी बरोबर खालच्या टाकीत पडते. खालच्या टाक्यांनाही भोक असते, त्यातले पाणी तळाच्या साठ्यात जाते. साठ्यातून पाणी उचलायला दोन पंप. यातली खुबी नळजोडणीत आहे. डाव्या पंपाचे पाणी दोन वाटांनी जाते : काही थेट डाव्या खालच्या टाकीत, उरलेले तिरके वर, उजवीकडच्या वरच्या टाकीत. उजव्या पंपाचे तसेच, पण उलट बाजूंनी. कोणत्या वाटेने किती पाणी जायचे, ते प्रयोग सुरू करण्यापूर्वी दोन झडपांनी ठरवून टाकायचे. मग विद्यार्थ्याने एवढेच करायचे : पंपांचा वेग कमी-जास्त करून खालच्या दोन टाक्यांतली पातळी नेमून दिलेल्या रेषेवर आणायची.

झडपा अशा लावल्या की बहुतेक पाणी थेट खाली जाते, तर काम सोपे असते. डाव्या पंपाने डावी टाकी, उजव्या पंपाने उजवी. थोड्या सरावाने कोणालाही जमते.

आता झडपा फिरवून बहुतेक पाणी वर पाठवले की खेळ बदलतो. समजा डाव्या खालच्या टाकीत पाणी कमी आहे. विद्यार्थी डावा पंप वाढवतो. पातळी किंचित चढते. त्याला वाटते, जमले. पण त्या पंपाचे बरेचसे पाणी उजव्या वरच्या टाकीत गेलेले असते. तिथून ते सावकाश उजव्या खालच्या टाकीत उतरते आणि आता उजवी टाकी रेषेच्या वर जाऊ लागते. तिला आवरायला तो उजवा पंप कमी करतो. इथेच घात होतो. उजव्या पंपाचे बहुतेक पाणी डाव्या वरच्या टाकीतून डाव्या खालच्या टाकीलाच मिळत होते. ते आटते आणि डावी टाकी सुरुवातीपेक्षाही खाली जाते. विद्यार्थी पुन्हा डावा पंप वाढवतो. फेरा सुरू राहतो आणि टाक्या रिकाम्या होणे किंवा वाहणे एवढेच बाकी उरते.

टाक्या, पंप, भोके सगळे तेच आहे. बदलली ती फक्त झडपांची जागा. सुटा प्रत्येक भाग पहिल्या प्रयोगात जसा होता तसाच दुसऱ्यातही आहे. बदलले ते त्यांच्यातले नाते.

हुशारीची मर्यादा

हाताने जमत नसेल तर संगणकाकडे द्यावे, असे विद्यार्थ्याच्या मनात येणारच. प्रयोगाचा पुढचा टप्पा तोच असतो. पातळी मोजणारे संवेदक आणि पंपांचा वेग ठरवणारा प्रोग्रॅम जोडला जातो. सोप्या मांडणीत संगणक पातळी झटपट रेषेवर आणतो. अवघड मांडणीत मात्र त्यालाही कितीतरी पट जास्त वेळ द्यावा लागतो. घाई करायला लावली तर तोही विद्यार्थ्यासारखाच हेलकावे खातो.

हा मर्यादेचा धडा या यंत्राचे खरे देणे आहे. काही प्रणालींमध्ये योग्य कृतीचा पहिला परिणाम उलटा दिसतो आणि खरा परिणाम उशिरा येतो. ही अडचण नियंत्रकाच्या हुशारीने दूर होत नाही, कारण ती प्रणालीच्या रचनेत असते. तिथे दोनच उपाय : सबुरीने वागावे, नाहीतर झडप फिरवून मूळ रचनाच बदलावी. समीकरणात हे एका चिन्हाने कळते. पण पंपाच्या बटणावर हात असताना टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते, तेव्हा ते जसे पटते तसे चिन्हाने पटत नाही.

याचा आरोग्याशी थेट संबंध आहे. मधुमेहींसाठी रक्तातली साखर सतत मोजून इन्शुलिनची मात्रा आपोआप ठरवणाऱ्या पंपांना अमेरिकेत २०१६ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. त्वचेखाली सोडलेले इन्शुलिन रक्तात उतरून काम करायला वेळ घेते, जेवणातली साखर मात्र त्याआधीच रक्तात येऊ लागते. म्हणून अशा सुरुवातीच्या पंपांना रुग्णाने जेवणाची पूर्वसूचना देणे आवश्यक ठेवले गेले. वाढलेली साखर पाहून यंत्राने घाईने जास्त इन्शुलिन सोडले, तर दोन तासांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इथेही निव्वळ चांगला प्रोग्रॅम पुरत नाही. लवकर काम करणारे इन्शुलिन बनवणे हा झडप फिरवण्याचा मार्ग, आणि अभियंते व औषधशास्त्रज्ञ तो शोधत असतात. टाक्यांशी झुंजलेल्या अभियंत्याला हा विलंब आधी आठवेल. न झुंजलेला प्रोग्रॅम आणखी तीव्र करण्याच्या मागे लागेल.

हलणारी फळी, हलणारा पूल

गुंतागुंतीचा आणखी एक नमुना असा, की कोणीही न ठरवता अनेक भाग एका तालात येतात. तो दाखवायला लागणारे साहित्य तर संगीतशिक्षकाच्या घरातच सापडेल. मेट्रोनोम म्हणजे ताल दाखवणारे, टकटक करणारे छोटे यंत्र. एका हलक्या फळीवर असे काही मेट्रोनोम ठेवायचे आणि फळीखाली शीतपेयाचे दोन रिकामे डबे आडवे घालायचे, म्हणजे ती डाव्या-उजव्या बाजूंना सरकू शकेल. मेट्रोनोम वेगवेगळ्या क्षणी सुरू केले तरी थोड्याच वेळात ते सारे एका ठोक्यावर येतात. अमेरिकेतील अलास्का विद्यापीठातले जेम्स पँटालिओन यांनी २००२ मध्ये अध्यापनासाठीचा हा प्रयोग गणितासह मांडला. फळी डब्यांवरून उचलून थेट टेबलावर ठेवली की हा मेळ मोडतो. मेट्रोनोम एकमेकांशी ‘बोलतात’ ते फळीच्या सूक्ष्म हालचालीतून.

याच काळात लंडनमध्ये हाच प्रयोग नकळत मोठ्या प्रमाणावर घडून गेला होता. थेम्स नदीवरचा मिलेनियम हा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि लोकांची गर्दी होताच आडवा डोलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. पूल तुटण्याइतका कमकुवत नव्हता. तो किंचित हलला की चालणारे तोल सावरण्यासाठी पाय थोडे फाकून, त्याच्या हालचालीला धरून टाकत आणि त्या पावलांनी पूल आणखी हले. नंतरच्या चाचणीत एका भागावर दीडशेच्या आसपास माणसे चालेपर्यंत काहीच जाणवले नाही. आणखी मोजकी माणसे येताच डोलणे एकाएकी वाढले. माणसे थोडी थोडी वाढली म्हणून डोलणे थोडे थोडे वाढले नाही, आणि गुंतागुंतीच्या प्रणालीची ही ओळखच आहे.

पुलाला कंपने शोषणारी उपकरणे बसवण्यात आली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा खुला झाला. लोकांनी कसे चालावे याच्या पाट्या लावून हा प्रश्न सुटला नसता. अभियंत्यांनी पुलाची रचना बदलली, म्हणजे झडप फिरवली.

पाण्यावर चाललेले अर्थकारण

टाक्या आणि पुलापेक्षा माणसांचे कारभार अधिक गुंतागुंतीचे. त्यांनाही टेबलावर आणण्याचा एक जुना प्रयत्न एका अभियंत्यानेच केला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले बिल फिलिप्स विद्युत अभियांत्रिकीतून अर्थशास्त्रात आले. त्यांनी १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये माणसाहून उंच असे एक यंत्र सादर केले. त्यात पारदर्शक टाक्या आणि नळ्यांमधून रंगीत पाणी फिरत असे. पाणी म्हणजे देशातला पैसा. कराचा प्रवाह एका नळीतून, बचतीचा दुसरीतून, सरकारी खर्चाचा तिसरीतून. व्याजदर बदलला की पातळ्या बदलत आणि पेनाने कागदावर आलेख उमटे.

पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स मीड वर्गात या यंत्राचा खुबीने उपयोग करत. एका विद्यार्थ्याला ते अर्थमंत्री करत आणि कर व सरकारी खर्च त्याच्या हाती देत. दुसऱ्याला मध्यवर्ती बँकेचा प्रमुख करून व्याजदर सोपवत. दोघांनीही एकमेकांशी न बोलता राष्ट्रीय उत्पन्न ठरलेल्या पातळीवर आणायचे. दोघेही आपापल्या परीने योग्य तेच करत, आणि पाणी जोरजोरात वर-खाली होऊ लागे. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या दृष्टीने नवा बिघाड ठरे. चार टाक्यांतला डावा आणि उजवा पंप इथे माणसांच्या रूपात समोरासमोर येत. पाणीपुरवठा आणि सिंचन, वाहतूक आणि नगररचना अशी एकमेकांत गुंतलेली खाती सांभाळणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

पवईचा छोटा हीटर

अशी यंत्रे महागडी असलीच पाहिजेत असे नाही, हे मुंबईतच दाखवले गेले आहे. पवईच्या आयआयटीत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ तयार झाली. एका छोट्या बोर्डावर स्टीलची पातळ पट्टी, तिला तापवणारे तारेचे वेटोळे, गार करणारा छोटा पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक. विद्यार्थ्याने हीटरचा प्रवाह आणि पंख्याचा वेग बदलून पट्टीचे तापमान हवे तिथे आणायचे आणि टिकवायचे. प्रवाह कमी केला तरी पट्टी लगेच निवत नाही. मध्येच पंख्याचा वेग बदलला की जमवलेले सगळे बिघडते.

या यंत्राची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. अशी अनेक यंत्रे पवईत इंटरनेटला जोडून ठेवली गेली आणि दूरच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना ठरलेल्या वेळी ती आपल्या संगणकावरून चालवता येऊ लागली. त्यासाठी सायलॅब हे मोफत सॉफ्टवेअर वापरले गेले. पडद्यावर दिसणारे आकडे हे संगणकाने रचलेले चित्र नसून त्या क्षणी पवईत खरोखर तापणाऱ्या पट्टीचे असतात, हा यातला मुख्य मुद्दा.

तो मुद्दा का महत्त्वाचा? संगणकावरची नक्कल स्वस्त असते, सुरक्षित असते आणि तिचा उपयोगही मोठा आहे. पण नक्कल तिच्यात घातलेल्या समीकरणांपलीकडे जात नाही. खऱ्या नळीत हवेचा बुडबुडा अडकतो, झडप जाम होते, संवेदकाचे आकडे थरथरतात, खोलीतला पंखा कोणीतरी सुरू करतो. समीकरण आणि वस्तू यांतली ही फट पाहायला मिळते ती फक्त प्रयोगशाळेत.

जर्नलपलीकडचे प्रॅक्टिकल

आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रॅक्टिकल म्हणजे ठरलेल्या कृतीने ठरलेले उत्तर काढणे. उत्तर आले नाही तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवले जाते, कारण गुण जर्नल पूर्ण असण्याला असतात. या पद्धतीत विद्यार्थी नकळत एक चुकीची गोष्ट शिकतो : यंत्र अपेक्षेप्रमाणे वागले नाही, तर ते लपवायचे. गुंतागुंतीच्या प्रणालींच्या बाबतीत ही सवय घातक ठरते, कारण तिथे अपेक्षेबाहेरचे वागणे हीच पहिली सूचना असते.

चार टाक्यांसारख्या प्रयोगात उतरवून घेण्याजोगे एकच उत्तर नसते. झडपा थोड्या फिरवल्या की प्रत्येक गटाचा आलेख वेगळा येतो. ‘काय उत्तर आले?’ हा प्रश्न तिथे निरुपयोगी होतो. ‘पातळी आधी चढून नंतर का उतरली?’, ‘अवघड मांडणीत सोपा उपाय का चालला नाही?’, ‘तुम्हाला एकच गोष्ट बदलू दिली तर काय बदलाल?’ असे प्रश्न विचारावे लागतात. असा प्रयोग घ्यायचा तर शिक्षकालाही ‘बघू या’ म्हणण्याची तयारी हवी आणि गुण बिघाडाच्या स्पष्टीकरणाला द्यायला हवेत.

अर्थात टेबलावरच्या यंत्राने सगळे काम होत नाही. वीजग्रिडमध्ये वाहिन्यांबरोबर राज्यांचे करार, दर आणि राजकारणही असते. रुग्णालयात यंत्राबरोबर थकलेले कर्मचारी असतात. चार टाक्या कळल्या म्हणून ग्रिड कळला असे होत नाही. पण चार टाक्यांपुढेही आपला अंदाज चुकतो, हे ज्याला हाताने कळले आहे, तो ग्रिडपुढे बसताना जास्त सावध असतो. एखादी वाहिनी तोडण्याआधी तिचा भार कुठे जाईल, हे तो विचारतो. पहिला परिणाम अनुकूल दिसला म्हणून तो निश्चिंत होत नाही.

टेबलावरची टाकी वाहिली तर फरशी ओली होते, पोछा मारून पुन्हा सुरुवात करता येते. उद्याच्या अभियंत्यांच्या हाती वीज, पाणी, पूल आणि रुग्णांच्या शरीराला जोडलेली यंत्रे येणार आहेत. तिथे ही सोय नाही. त्यांच्या पहिल्या चुका ओल्या फरशीवर निभावल्या, तर ते सगळ्यांच्याच हिताचे.